इथेनॉल, मिथेनॉल आणि जीवघेणी गल्लत

इथेनॉल आणि मिथेनॉल दिसायला पाण्यासारखे, वासाला स्पिरिटसारखे. नावेही जुळ्यांची वाटावीत अशी. त्यामुळे मिथेनॉल म्हणजे जरा जास्त कडक दारू, असे समजणारे पुष्कळ आहेत. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉल असलेली दारू पिऊन.

भट्टी नीट लागली नाही की दारू विषारी होते, असेही सर्रास बोलले जाते. गूळ किंवा मळी आंबवली की तयार होते ते मुख्यतः इथेनॉलच. साखर कारखान्यांतून पेट्रोलमध्ये मिसळायला जाते तेही हेच. मिथेनॉल पूर्वी लाकूड तापवून काढत. आता ते नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून बनते आणि रसायनांच्या कारखान्यांत वापरले जाते. ते चोरवाटेने दारूच्या धंद्यात शिरते, तेव्हा वस्तीच्या वस्ती बळी पडते. अशा मृत्यूंना दुर्घटना म्हणणे मला पटत नाही.

सर्वांत घातक समज वेगळाच आहे: विषारी असेल तर पिताक्षणीच कळेल. नाही कळत. मिथेनॉलपासून यकृतात आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल तयार होते. खरा घात हे आम्ल करते. त्याला बारा-चोवीस तासही लागतात. माणूस रात्री पिऊन नेहमीसारखा झोपतो आणि सकाळी पोटात कळा, उलट्या सुरू होतात. अजून उतरली नाही म्हणून घरचे लिंबूपाणी देतात. तोवर डोळ्यांपुढे पांढरे धुके येऊ लागते, कारण दृष्टीची नस जळत असते. जेमतेम १० मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलने अंधत्व येऊ शकते, ३० मिलिलिटरने जीवही जाऊ शकतो.

उपचारात मात्र इथेनॉलच कामी येते. यकृतातले एकच विकर दोघांनाही हाताळते आणि आधी इथेनॉलला धरते. तेवढा वेळ मिथेनॉलचे आम्ल होत नाही. फोमेपिझोल हे औषध तेच विकर अडवते. पण मात्रा रक्त तपासून ठरते, जोडीला डायलिसिस लागते. म्हणून घरी चांगली दारू पाजून उतारा करायला जाऊ नये. थेट मोठे रुग्णालय गाठावे, उरलेली बाटली सोबत न्यावी, आणि त्या रात्री बरोबर बसलेले बाकीचे ठणठणीत दिसत असले तरी त्यांनाही गाडीत घालावे.