जुन्या माळवदी घराची दुरुस्ती : चुना की सिमेंट?

परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड येथील जुन्या वस्त्यांत १९५० च्या आगेमागे बांधलेली घरे अजून दिसतात. जाड भिंती, सागवानी खांब-तुळया, वर मातीचे माळवद, खाली शहाबादी फरशी. मुले कमावती झाली की घर न पाडता आतून नव्या धर्तीचे करून घ्यावे, असे मालकाला वाटू लागते. हे काम आपल्या गवंडी, सुतार व रंगारी बांधवांचे आहे. परंतु माल चुकीचा वापरला तर ग्राहकाचा पैसा आणि कारागिराचे नाव, दोन्ही जाते.

पहिली चूक गिलाव्यात होते. माती-चुन्यातली भिंत जमिनीतली ओल शोषते व हवेत सोडते. तिच्यावर सिमेंटचा कडक थर चढला की ओल आत कोंडते, क्षार फुटतात, पोपडे सुटतात. मग मालक गवंड्याला बोल लावतो. सिमेंटचा हट्ट बहुधा त्यानेच धरलेला असतो!

चुन्याला वेळ लागतो, हे आम्ही मान्य करतो. कळीचा चुना विझवून काही आठवडे मुरू द्यावा (विझवताना तो उकळतो, डोळे सांभाळावेत). एक भाग चुन्यास दोन ते तीन भाग वाळू किंवा सुरखी घ्यावी. सुरखीमुळे ओलाव्यातही तो धरतो. थर पातळ द्यावेत व उन्हापासून झाकून ओले ठेवावेत, कारण चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कठीण होतो. घाई करणाऱ्या ग्राहकाला औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबऱ्याची आठवण द्यावी. सतराव्या शतकातल्या या इमारतीचे बरेचसे शुभ्र काम संगमरवराचे नसून चुन्याच्या गिलाव्याचे आहे.

मात्र जुने ते सगळे जपावे, असे आमचे म्हणणे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे दगड-मातीच्या भिंती व जड माळवदांखाली दबली. २०२४ मध्ये शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील धक्के परभणीतही जाणवले. दरवर्षी माती टाकून माळवद जड होत जाते. म्हणून जास्तीची माती आधी उतरवावी. तुळयांची भिंतीत गेलेली टोके वाळवीसाठी तपासावीत, खांब-तुळईच्या कोपऱ्यांत तिरकस आधार ठोकावेत. भिंत फुगलेली असेल तर इंजिनिअरला दाखविल्याशिवाय हात लावू नये.

आतल्या सजावटीत कोनाडे बुजवू नयेत. त्यांतच पुस्तके व दिवे बसवावेत. सागवानावरचा ऑइलपेंट खरवडून जवसाचे तेल द्यावे. नव्या न्हाणीघराचे पाणी पायापासून दूर काढावे, कारण आपल्याकडची काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि भिंत तडकते.

अंदाजपत्रक लेखी द्यावे. त्यात चुना मुरण्याचे दिवस वेगळे दाखवावेत आणि मजुरी ठरविण्यापूर्वी एका कोपऱ्यात नमुन्याचा गिलावा करून मालकाला दाखवावा.