पाण्याचे माप आणि पाण्याचे सत्त्व

जांबोटीहून चोर्ल्याच्या घाटाकडे निघालेल्या वाटसरूला कणकुंबीपाशी मलप्रभेचा उगम लागतो. त्याच टापूतले इतर ओहोळ म्हादईला मिळून गोव्याकडे उतरतात. या पाण्याचे माप एव्हाना सर्वांना मुखोद्गत झाले आहे. जललवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिले. त्यात कळसा-भांडुऱ्याचे किती, यावर दोन्ही बाजूंनी रणे माजली. त्या पाण्यात जगते काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

गोड्या पाण्यातील मासळीच्या पिलांचे पहिले अन्न म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे प्राणिप्लवक. त्यांतील डॅफ्निया हा पिसवेएवढा जीव तरंगत्या शैवलावर जगतो. पाणी हिरवे म्हणजे त्याची चंगळ, असे आपण समजतो. वस्तुस्थिती निराळी आहे. शैवलात फॉस्फरस कमी पडला की डॅफ्नियाचे पोट भरते, पण अंग धरत नाही. नुसत्या पेजेवर वाढणाऱ्या पोरासारखी त्याची गत होते. अन्न सकस असेल तर मादी नराविनाच पाठीवरच्या पिशवीत अंडी धरते आणि थोड्याच दिवसांत पिढी दुणावते. निकस असेल तर अंडी घटतात, वाढ रेंगाळते. परिस्थिती फारच बिघडली, तर नर जन्मतात आणि मग कठीण कवचातली, तळाशी पडून राहणारी अंडी घातली जातात.

फॉस्फरस वाढवला की काम भागले, असेही नाही. शेतातले खत आणि वस्तीचे सांडपाणी साठलेल्या, तापलेल्या पाण्यात उतरले की निळ्या-हिरव्या शैवलांचे थर माजतात. त्यांचे तंतू गाळणीत अडकतात, काही जाती विषारी असतात. शिवाय डॅफ्नियाला लागणारी स्टेरॉले आणि लांब साखळीची मेदाम्ले त्यांत जवळजवळ नसतात. डायाटम शैवलांत ही मेदाम्ले विपुल असतात. २००० साली ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या संशोधनाने अशाच एका मेदाम्लाशी डॅफ्नियाच्या वाढीचा निकटचा संबंध दाखवून दिला.

वाहता ओढा अडवला म्हणजे केवळ प्रवाह घटत नाही. पाणी थांबते, तापते आणि त्यातले शैवल पालटू शकते. म्हणून बांधाऱ्यांच्या वर आणि खाली, पावसाळ्याआधी व नंतर, प्लवकांचे नमुने घेऊन शैवलाच्या जाती आणि माद्यांची अंडी मोजली गेली पाहिजेत. सूक्ष्मदर्शक, बारीक जाळे आणि प्राणिशास्त्राचे चार विद्यार्थी एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. उभय राज्यांच्या महाविद्यालयांनी ते एकत्र करावे. त्यासाठी निवाड्याची वाट पाहण्याचे कारण नाही.