वाटेत कुबडी मोडली तर

तुम्ही घरी जिला 'बैसाखी' म्हणता, तिला मराठीत 'कुबडी' म्हणतात. उर्दूतला 'असा' म्हणजे मराठीतली काठी. (मराठीतल्या 'असा' या शब्दाचा अर्थ अगदीच वेगळा आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे.) काठी, कुबडी, चाकाची खुर्ची, हाताने फिरवायची तीनचाकी सायकल ही सारी चालण्याची साधने आहेत. वाटेत चप्पल तुटली, तर आपण ती हातात घेतो आणि अनवाणी घरी येतो. कुबडी तुटली, तर माणूस जिथल्या तिथे अडकतो.

नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुका डोळ्यांपुढे आणा. नाशिकहून पेठला जाताना सावळघाट लागतो, कोटंबीचा घाट लागतो. गावे डोंगरउतारावर, तर पाडे त्यांच्याही आत. पावसाळ्यात धो धो पाऊस, निसरड्या पायवाटा, दगडांवर शेवाळ. लहानपणी पोलिओ झालेला एखादा माणूस अशा पायवाटेने एस.टी. गाठायला निघाला आणि अर्ध्या वाटेत त्याची कुबडी मोडली, तर त्याने काय करावे?

सर्वांत आधी थांबावे. एका पायावर उड्या मारत पुढे जाण्याचा मोह होतो, पण त्यातच माणूस पडतो आणि धडका पायही दुखावतो. झाड, भिंत, कुंपण, जे जवळ असेल ते धरून खाली बसावे. मग साधनाचे काय बिघडले आहे ते शांतपणे पाहावे.

लाकडी कुबडी बहुधा बोल्टच्या भोकापाशी चिरते, कारण तेथे लाकूड कमी उरलेले असते. अॅल्युमिनियमच्या कुबडीची नळी भोकांपाशी वाकते किंवा उंची ठरवणारे स्प्रिंगचे बटण आत जाते. पण सर्वांत जास्त त्रास देतो तो तळाचा रबरी तुकडा. दिसायला तो क्षुल्लक, पण कुबडीची सगळी पकड त्याच्यावर असते. रबर आणि जमीन यांच्यात घर्षण जास्त असते, म्हणून कुबडी सरकत नाही. रबर झिजून आतली नळी उघडी पडली, की मशिदीतील वजूच्या जागेजवळची ओली फरशी आणि घाटातला ओला दगड सारखेच धोक्याचे होतात.

रबर निघून पडले, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दुमडून टोकावर चढवावा आणि सुतळीने घट्ट आवळावा. लाकूड चिरले असेल, तर मोडलेल्या हाताला जशा फळ्या बांधतात, तशा चिरेच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या कामट्या लावून चिरेच्या वर आणि खाली दोरीचे वेढे घ्यावेत. मात्र बसल्या बसल्या आधी दाबून पाहावे आणि मगच त्यावर भार टाकावा. हा इलाज घरी पोहोचण्यापुरताच आहे. नळी वाकली असेल, तर ती सरळ करण्याच्या भरीस पडू नये. वाकलेला धातू तेथेच पुन्हा मोडतो.

पेठच्या परिसरात बांबूला तोटा नाही. कुबडी अगदीच निकामी झाली आणि त्या माणसाला काठीवर थोडेफार चालता येत असेल, तर बांबू उपयोगी पडतो. तो पेराच्या गाठीखाली लगेच कापावा. गाठीपाशी बांबू भरीव असतो, म्हणून टोक लवकर फाटत नाही. हात सरळ खाली सोडला असता मनगट जेथे येते, तेवढी काठीची उंची असावी. एक पाय अधू असेल, तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरावी. पुष्कळ लोक नेमके उलटे करतात! अधू पाय पुढे पडतो, त्याच वेळी काठीही पुढे पडते आणि भार दोघांत वाटला जातो.

दुसऱ्याची कुबडी उसनी मिळाली, तर तिची उंची पाहावी. काख आणि कुबडीची गादी यांत दोन-तीन बोटे अंतर हवे. भार हातांच्या तळव्यांवर घ्यायचा असतो. काखेत सतत दाब पडला, तर तेथील नसा दबून हाताला मुंग्या येतात आणि हाताची शक्तीही कमी होते.

तीनचाकी सायकलची गोष्ट सोपी असते. साखळी उतरली, तर कोणताही सायकलवाला ती चढवून देतो आणि पंक्चरही काढतो. मात्र उतारावर साखळी उतरली, तर आधी ब्रेक लावून चाकांखाली दगड ठेवावेत.

आता तुमच्याविषयी. असा माणूस दिसला, की आपण धावत जातो आणि त्याचा दंड धरून ओढतो. तसे करू नका. आधी "काका, कशी मदत करू?" असे विचारा. त्यांना तुमचा हात धरू द्या. कोठे पकडायचे, किती भार टाकायचा, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळते. चालणे शक्यच नसेल, तर प्रथमोपचारात शिकवतात ती चार हातांची बैठक करा. दोघांनी समोरासमोर उभे राहून प्रत्येकाने उजव्या हाताने आपले डावे मनगट धरावे आणि डाव्या हाताने समोरच्याचे उजवे मनगट धरावे. चौकोनी आसन तयार होते. बसणाऱ्याने दोघांच्या खांद्यांवर हात टाकावेत. मोडकी कुबडी वाटेत टाकून जाऊ नका. तिचे सुटे भागही गोळा करा, दुरुस्तीला लागतात.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. सोळाव्या वर्षी त्यांच्या शरीराचा कमरेखालचा भाग लुळा पडला. पुढे 1984 मध्ये त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. त्यांच्या आत्मकथेचे नावच 'चाकाची खुर्ची' आहे. ते वाचले, की साधन म्हणजे त्या माणसाचे पायच, हे कळते. म्हणून कोणाच्या कुबडीशी खेळणे किंवा ती लपवून ठेवणे ही मला तरी थट्टा वाटत नाही.

बाहेर पडताना पिशवीत थोडी सुतळी, ट्यूबचा तुकडा आणि एक जादा रबर ठेवायला कोणालाही जड नाही. दर आठवड्याला रबर उलटे करून पाहावे. तळाच्या रेघा पुसल्या गेल्या असतील, तर ते बदलावे. नवे आणायला जाताना जुने रबर सोबत न्यावे, कारण सगळ्या नळ्यांची जाडी सारखी नसते आणि सैल बसलेले रबर चिखलात रुतून मागेच राहते.