भाषा कानांनी ओळखताना – लेखांक ६ : शब्द कुठे थांबतो?

गेल्या आठवड्यात आपण लय पाहिली. नवजात फ्रेंच बाळांना इंग्रजी आणि जपानी यांच्यातला फरक नुसत्या लयीवरून कळतो, इंग्रजी आणि डच यांच्यातला मात्र कळत नाही, असं १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. थोडक्यात, लयीवरून भाषांचा गट कळतो. गटातली नेमकी भाषा ओळखायची तर आणखी बारीक खुणा लागतात.

त्या खुणांसाठी आज हुबळीच्या देशपांडे नगरात जाऊ. ख्यालगायिका गंगूबाई हनगल यांचं 'गंगालहरी' हे घर इथलंच. त्यांची बोली कन्नड, ख्यालाच्या बंदिशी हिंदी-ब्रजातल्या, आणि गुरू सवाई गंधर्व कन्नड मुलखातल्या कुंदगोळचे असूनही मराठी रंगभूमी गाजवलेले. या शहरात कन्नडबरोबर मराठी, दखनी उर्दू आणि कोंकणीही कानावर पडते.

अशा मुलखात वाक्यरचनेवर विसंबू नका. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारामुळे तिथल्या कन्नड, मराठी आणि उर्दूच्या वाक्यांचा साचा जवळपास एकच झाला होता. वेगळे उरले होते ते शब्द. म्हणून कान शब्दांवर ठेवायचा.

पहिली खूण शेवटाची. मराठीत 'बस', 'कार', 'घर' व्यंजनावर थांबतात. कन्नडात त्याच 'बस'चं 'बस्सु' होतं, 'कार'चं 'कारु'. हुबळी-धारवाडकडे आदराने बोलताना क्रियापदाला 'री' जोडतात : 'बर्री', 'हेळ्री'. 'आहे' या अर्थी 'ऐति' किंवा 'अद' ऐकू आलं तर बोलणारा उत्तर कर्नाटकाचा. बेंगळुरूकडचा 'इदे' म्हणेल.

पण तेलुगू शब्दही स्वरावरच संपतात. तिथे दुसरी खूण ऐका, सुरुवातीची. जुन्या 'प'चा कन्नडात पुष्कळ ठिकाणी 'ह' झाला, तेलुगूत 'प' टिकला. दूध कन्नडात 'हालु', तेलुगूत 'पालु'. वाघ कन्नडात 'हुलि', तेलुगूत 'पुलि'. शिवाय आपल्या 'चाक'मधला दंत्य 'च' तेलुगूत सापडतो, कन्नडात नाही.

तिसरी खूण नाकातल्या स्वरांची. आपल्या बोलण्यातून ते बहुतेक गेले, कोंकणीने जपले. 'हांव वतां' एवढं ऐकलं तरी पुरे.

चौथी खूण घशाची. दखनीत 'क़लम'चा 'ख़लम' होतो आणि अनेकवचन 'लोगां', 'बातां' असं येतं. 'नक्को' ऐकून मात्र मराठी ठरवू नका. तो शब्द दखनीने आपल्याकडूनच घेतला आहे. शब्द सहज उसने जातात, उच्चाराच्या सवयी तितक्या सहज जात नाहीत. म्हणून दोन-तीन खुणा जुळल्याशिवाय निकाल देऊ नये.

या आठवड्याचा अभ्यास : आकाशवाणी धारवाडचं कन्नड आणि पणजीचं कोंकणी बातमीपत्र लागोपाठ ऐका. अर्थाच्या मागे न लागता फक्त शब्दांचे शेवट टिपा. परका समजलेला शेजारी कोणत्या भाषेत बोलतो एवढं कळलं, तरी त्याच्याशी ओळख करून घेणं सोपं जातं.

पुढच्या आठवड्यात : पंजाबीतले चढ-उतार.