ध्येयवादी की व्यवहारी? बिटकीपर प्रकरण आणि संशोधनाचा प्रश्न

परवा एका विद्यार्थिनीने तिचा संशोधन आराखडा वाचायला दिला. विषय होता मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतला ध्येयवाद आणि व्यवहारवाद. पहिल्याच पानावर दोन रकाने. डावीकडे रिचर्ड स्टॉलमन, खाली 'स्वातंत्र्य'. उजवीकडे लिनस टोरवाल्ड्स, खाली 'उपयुक्तता'. पहिल्या वर्षी मीही अगदी हाच तक्ता काढला होता. तो चूक आहे असं नाही, पण त्याच्यावर प्रबंध उभा राहत नाही. का, ते एका प्रकरणावरून सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते अभ्यासायचं, बदलायचं आणि इतरांना द्यायचं स्वातंत्र्य हवंच, आणि जे सॉफ्टवेअर हे देत नाही ते कितीही छान चालत असलं तरी अन्यायकारक आहे, ही त्यांची भूमिका. १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हा शब्द पुढे आला. न्याय-अन्यायाची भाषा बाजूला ठेवून, कोड खुला असला की सॉफ्टवेअर चांगलं होतं, एवढंच उद्योगांना पटवायचं, असा त्यामागचा विचार. इथपर्यंत दोन्ही रकाने व्यवस्थित जुळतात.

आता प्रकरण. लिनक्स कर्नलमध्ये बदल सुचवायचे तर २००२ पर्यंत लोक ते ईमेलने पाठवत आणि टोरवाल्ड्स ते हाताने तपासून घेत. माणसं वाढली तसे बदल गहाळ होऊ लागले, तोच बदल पुन्हा पुन्हा पाठवावा लागे. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंदवही ठेवणारं साधन हवं होतं. फेब्रुवारी २००२ मध्ये टोरवाल्ड्स यांनी 'बिटकीपर' वापरायला घेतलं. लॅरी मॅकव्हॉय यांच्या बिटमूव्हर कंपनीचं हे साधन प्रोप्रायटरी होतं, म्हणजे त्याचा सोर्स कोड बंद होता. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना ते फुकट मिळे, पण अटींवर. त्यातली एक अट अशी की हे वापरणाऱ्याने याच्याशी स्पर्धा करणारं साधन बनवायचं नाही.

स्टॉलमन यांनी विरोध केला. कर्नलच्या प्रमुख विकासकांपैकी ॲलन कॉक्स यांनी बिटकीपर वापरायला नकार दिला. टोरवाल्ड्स यांचं म्हणणं असं की कामाला जे सर्वांत चांगलं साधन आहे ते मी वापरणार. आणि साधन खरंच चांगलं होतं. प्रत्येकाकडे नोंदवहीची पूर्ण प्रत, प्रत्येकाने आपापल्या जागी काम करायचं, मग बदल एकमेकांत मिसळायचे. कर्नलचं काम वेगाने पुढे सरकू लागलं.

इथे थांबून नीट बघा. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा फक्त नैतिक होता का? त्यात एक साधा व्यवहारी मुद्दाही होता: फुकट दिलेली गोष्ट कंपनी उद्या परत घेऊ शकते, तेव्हा काय करणार? कर्नलचा कोड सर्वांचा होता. पण त्याचा संपूर्ण बदल-इतिहास बिटकीपरमध्ये होता आणि तो पूर्ण पाहायला बिटकीपरच लागे.

२००५ मध्ये नेमकं तेच झालं. सांबा आणि आरसिंक या सॉफ्टवेअरमुळे माहीत असलेले अँड्र्यू ट्रिजेल बिटकीपरच्या सर्व्हरमधून हा इतिहास वाचू शकेल असं मुक्त साधन बनवत होते. आपण बिटकीपर कधी वापरलंच नाही, म्हणून त्याची अट आपल्याला लागू नाही, असं त्यांचं म्हणणं. एप्रिलमध्ये कॅनबेरातल्या एका परिषदेत त्यांनी हे कसं केलं ते दाखवलं: टेलनेटने सर्व्हरला जोडायचं आणि 'हेल्प' टाइप करायचं. सर्व्हर स्वतःच आज्ञांची यादी देतो! टोरवाल्ड्स मात्र ट्रिजेल यांच्यावरच नाराज झाले, आणि उघडपणे. बिटमूव्हरने फुकट आवृत्ती बंद केली होती.

मग टोरवाल्ड्स यांनी स्वतःच साधन लिहायला घेतलं. ३ एप्रिल २००५ ला सुरुवात झाली आणि चार-पाच दिवसांत 'गिट' स्वतःचाच कोड सांभाळू लागलं. जूनमध्ये कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती गिटवर बाहेर पडली. आणि हे गिट कोणत्या परवान्याखाली दिलं? जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली, म्हणजे स्टॉलमन यांनीच रुजवलेल्या परवान्याखाली.

आता तो तक्ता परत काढा. ज्यांना आपण 'ध्येयवादी' म्हटलं त्यांचं भाकीत खरं ठरलं, आणि भाकीत ही तर व्यवहाराची गोष्ट. 'व्यवहारी' माणसाने दुसऱ्यांदा निवड करताना पूर्ण मुक्त साधन केलं. आणि तीन वर्षं बिटकीपरवर काम केल्यामुळे आपल्याला नेमकं काय हवंय हे त्याला कळलं होतं, हेही नाकारता येत नाही. मोनोटोनसारखी मुक्त साधनं तेव्हा होती, पण कर्नलसाठी ती फार हळू चालत.

दुसऱ्या रकान्याचंही तसंच. ग्नूचं सुरुवातीचं काम स्टॉलमन यांनी प्रोप्रायटरी युनिक्सवरच केलं, कारण दुसरी वाट नव्हती आणि त्या युनिक्सला पर्याय उभा करणं हाच उद्देश होता. १९९१ मध्ये ग्नूने ग्रंथालयांसाठी, म्हणजे कोडच्या लायब्ररींसाठी, एक सौम्य परवाना काढला. तो प्रोप्रायटरी प्रोग्रॅमनाही ती लायब्ररी वापरू देतो. तडजोड दोघांनीही केली. फरक आहे तो तडजोड कधी चालते याच्या नियमात. स्टॉलमन विचारतात, या तडजोडीने पुढे सुटका जवळ येते का? टोरवाल्ड्स विचारतात, आजचं काम अडतंय का?

म्हणून त्या विद्यार्थिनीला मी तीन गोष्टी सुचवल्या. एक, माणसांना नव्हे, निर्णयांना लेबल लावा. एकाच माणसाचे तीन निर्णय तीन तऱ्हेचे असू शकतात. दोन, प्रत्येक बाजू नुकसान कशाला म्हणते आणि ते किती काळात मोजते, ते शोधा. गहाळ झालेले बदल हे आजचं नुकसान, अडकलेला इतिहास हे तीन वर्षांनंतरचं. तीन, 'शेवटी कोण बरोबर ठरलं' असं विचारण्याआधी कोणत्या वर्षी उभं राहून विचारताय ते ठरवा. २००३ मध्ये उत्तर एक होतं, २००५ मध्ये दुसरं. बिटकीपरचा कोडही २०१६ मध्ये खुला झाला, पण तोवर जग गिटवर गेलं होतं.

हे फक्त इतिहासातलं आहे असंही नाही. माझ्या मुलाखतींचं कोडिंग मी एका प्रोप्रायटरी सॉफ्टवेअरमध्ये करत होते, विद्यार्थी परवान्यावर. परवाना संपला. मुलाखतींच्या फायली माझ्याकडे होत्याच, पण त्यांच्यावर लावलेल्या खुणा आणि समासातल्या टिपा उघडेनात. म्हणजे दीड वर्षाचा विचार आत आणि मी बाहेर. मुदतवाढ मिळाली म्हणून निभावलं. त्या दिवशी पहिलं काम केलं ते सगळ्या टिपा साध्या मजकुराच्या फायलींत उतरवून घेण्याचं. तेच सॉफ्टवेअर मी आजही वापरते, कारण काम चांगलं होतं. पण दर महिन्याला प्रत बाहेर काढते. मला कोणत्या रकान्यात घालाल?

शेवटी एक छोटा अभ्यास. कर्नलची गिट नोंदवही कोणालाही उतरवून घेता येते. तिच्यातली टोरवाल्ड्स यांची पहिली नोंद बघा: १६ एप्रिल २००५, २.६.१२ ची दुसरी चाचणी आवृत्ती. त्याआधीच्या चौदा वर्षांचा इतिहास या नोंदवहीत नाही. तो नष्ट झालेला नाही, इतरांनी नंतर वेगळा जुळवून ठेवला आहे. पण कर्नलमधली एखादी जुनी ओळ कोणी लिहिली हे शोधत मागे गेलात की याच तारखेला येऊन अडता. आराखड्याची सुरुवात तक्त्याने करण्यापेक्षा या नोंदीने करून बघा.