जुना मोबाइल मुद्दाम मंद केला जातो का?

बुलढाणा जिल्ह्यातलं खामगाव, चिखली, मेहकर, कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक तक्रार हमखास ऐकू येते: "अपडेट मारलं अन् मोबाइल हँग व्हायला लागला." पाठोपाठ संशय येतो, नवा घ्यायला लावण्यासाठी कंपनीच हे करते.

संशय अगदीच निराधार नाही. अॅपलने २०१७ च्या सुरुवातीच्या एका अपडेटमधून आयफोन ६, ६एस आणि एसईच्या प्रोसेसरचा वेग गुपचूप आवरला. डिसेंबरमध्ये ते उघडकीस आलं आणि कंपनीला कबुली द्यावी लागली. झिजलेल्या लिथियम-आयन बॅटरीला प्रोसेसरची अचानक वाढलेली मागणी झेपत नाही आणि फोन बंद पडतो, ते टाळायला वेग कमी केला, हा तिचा खुलासा. कारण खरं होतं, पण ते ग्राहकाला सांगितलं नव्हतं. बॅटरी बदलली की वेग परत येतो, हे ठाऊक नसलेल्याने नवा फोन घेतला तर दोष कुणाचा? फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो या लपवाछपवीबद्दल.

आपल्याकडचं दुखणं मात्र बहुतेक वेळा वेगळं असतं. २०१९ च्या सुमारास राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारने २ जीबी रॅमचे मोबाइल दिले. २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' अॅप आलं आणि ते या मोबाइलना पेलवेना. मोबाइल तापायचे, अडकायचे. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. शेवटी ऑगस्टमध्ये सेविकांनी ते मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. इथे वेग कुणी मुद्दाम कमी केला नव्हता. अॅप जड झालं, मोबाइल होता तिथेच राहिला.

त्यात मलकापूर-खामगावचा उन्हाळा. चाळिशीपार तापमानात बॅटरी लवकर झिजते. स्टोरेज काठोकाठ भरलं तरी मोबाइल रखडतो. म्हणून नव्याचा हप्ता बांधण्याआधी जागा मोकळी करा, बॅटरी तपासा. कंपनी दाद देत नसेल, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, बुलढाण्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे.

आज पिकाची नोंदही मोबाइलवरच करावी लागते. मग हा मोबाइल किती वर्षं अपडेट घेईल, बॅटरी कितीला बदलून मिळेल, हे खोक्यावरच छापलेलं असायला हवं. वस्तू दुरुस्तीला किती सोपी, हे सांगणाऱ्या निर्देशांकाचा अहवाल तज्ज्ञ समितीने मे २०२५ मध्ये केंद्राला दिला आहे. तो निर्देशांक सक्तीने लागू झालाच पाहिजे.