गाडी रिकामी जाते की भरून?

पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेहून परतलेल्या माणसाला एसटीचा प्रवास कसा झाला असे विचारले, तर तो बहुधा सांगेल, 'पाय ठेवायला जागा नव्हती.' त्याच रस्त्यावर पावसाळ्यातल्या एखाद्या दुपारी उभे राहिलो, तर जाणाऱ्या गाडीत दहा-बारा डोकीच दिसतील. मग शेजारचा कोणी म्हणेल, 'अशा रिकाम्या गाड्या फिरवल्यावर एसटी तोट्यात जाणार नाही तर काय?'

सार्वजनिक वाहतुकीबद्दलची आपली बहुतेक मते या दोन वाक्यांतच सामावलेली असतात. शिक्षकांच्या खोलीत, चहाच्या टपरीवर, शहरातल्या बस थांब्यावर हीच मते ऐकू येतात. दोन्ही माणसे खरे बोलत असतात, पण दोघांचे म्हणणे एकमेकांच्या विरुद्ध दिसते. असे का होते, हे समजायला सातवी-आठवीच्या पातळीचे गणित पुरते. आणि ते समजून घेणे गरजेचे आहे, कारण कोणती फेरी चालू राहील आणि कोणती बंद होईल हे पुष्कळदा अशाच मतांवर ठरत असते.

जागेविषयी थोडेसे

पोहरादेवी हे वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातले गाव. (वाशिम जिल्हा १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला.) येथे जगदंबा देवीचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. बंजारा समाजाचे हे मोठे श्रद्धास्थान असल्यामुळे रामनवमीला महाराष्ट्रातून, तसेच तेलंगण, कर्नाटक, आंध्र अशा राज्यांतूनही भाविक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाल्यापासून यात्रेच्या दिवसांव्यतिरिक्तही पाहुण्यांना येण्यासारखे एक ठिकाण झाले आहे.

बंजारा समाजाचा वाहतुकीशी जुना संबंध आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडो मैल नेण्याचा, म्हणजे लदेणीचा, त्यांचा पिढीजात व्यवसाय होता. एकोणिसाव्या शतकात पक्क्या सडका आणि रेल्वे आल्या तसा तो व्यवसाय मोडला. भुसावळ ते नागपूर हा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला आणि वऱ्हाडातला माल रेल्वेने जाऊ लागला. तांडे स्थिरावले, पण बहुधा गावापासून आणि मुख्य रस्त्यापासून थोडे दूर. पोहरादेवीला रेल्वे कधीच आली नाही. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला जाणारी 'शकुंतला' ही अरुंद मापाची गाडी त्यातल्या त्यात जवळची, तीही बंद पडली. ज्यांच्या पूर्वजांनी देशाचा माल वाहिला, त्यांच्या तांड्यावरच्या माणसाला आज तालुक्याला जायचे तर एसटी किंवा काळी-पिवळी जीप, नाहीतर स्वतःची दुचाकी, असे मोजकेच पर्याय उरतात.

सरासरी कोणाची?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, मानोऱ्याहून पोहरादेवीकडे दिवसाला चार फेऱ्या आहेत आणि त्यांत अनुक्रमे ७०, २०, १० आणि २० प्रवासी असतात. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) एकूण प्रवासी १२०, फेऱ्या ४, म्हणजे सरासरी प्रत्येक गाडीत ३० प्रवासी. गाडीत ४४ आसने धरली, तर सुमारे ६८ टक्के आसने भरली. एसटीच्या भाषेत याला भारमान म्हणतात. आगारातला अधिकारी म्हणेल, 'चारपैकी तीन गाड्या अर्ध्याहून अधिक रिकाम्या धावतात.' त्याचे म्हणणे बरोबर आहे.

आता गाड्यांना न विचारता प्रवाशांना विचारू. १२० पैकी ७० प्रवासी पहिल्याच गाडीत होते. म्हणजे १०० पैकी ५८ जण सांगतील की गाडी खचाखच भरलेली होती. 'तुमच्या गाडीत किती माणसे होती?' असे प्रत्येकाला विचारून उत्तरांची सरासरी काढली, तर ७० जण '७०' म्हणतील, ४० जण '२०' म्हणतील आणि १० जण '१०' म्हणतील. बेरीज येते ५८००. तिला १२० ने भागले की उत्तर येते सुमारे ४८. गाड्यांची सरासरी ३० आणि प्रवाशांची सरासरी ४८! हिशेबात कोठेही चूक नाही. भरलेली गाडी पाहणारे डोळे जास्त असतात आणि रिकामी गाडी पाहणारे कमी, एवढेच त्यामागचे कारण आहे.

हाच नियम वर्षाला लावू. समजा, वर्षातले ३५५ दिवस या रस्त्यावर रोज १२० प्रवासी आणि यात्रेच्या आसपासचे १० दिवस रोज १२०० प्रवासी. वर्षाचे एकूण प्रवासी ५४,६०० होतील आणि त्यांतले १२,००० त्या दहा दिवसांतले असतील. म्हणजे वर्षातल्या तीन टक्क्यांहूनही कमी दिवसांत सुमारे २२ टक्के प्रवास घडला. बाहेरगावची माणसे, पुढारी आणि वार्ताहर याच दिवसांत येतात, त्यामुळे पोहरादेवीच्या वाहतुकीविषयीचे सार्वजनिक मतही याच दिवसांवरून बनते. 'यात्रेला जादा गाड्या सोडा' ही मागणी ऐकू येते. उरलेल्या ३५५ दिवसांत शाळेला, दवाखान्यात, बाजाराला जाणाऱ्यांची मागणी मात्र तितक्या मोठ्या आवाजात पोहोचत नाही.

वाट पाहण्याचे गणित

'वेळापत्रकात दर तासाला गाडी आहे, प्रत्यक्षात तास-तास ताटकळावे लागते' ही आणखी एक नेहमीची तक्रार. यातही दोन सरासऱ्यांचा घोळ आहे.

दोन तासांत दोन गाड्या येतात असे समजा. त्या बरोबर तासातासाने आल्या, तर अवचित थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी ३० मिनिटे थांबावे लागेल. आता त्याच दोन गाड्या १० मिनिटे आणि ११० मिनिटे अशा अंतराने येऊ लागल्या, तर? अंतरांची सरासरी अजूनही ६० मिनिटेच आहे. पण थांब्यावर येणारा माणूस १२० पैकी ११० मिनिटांच्या लांब अंतरात सापडण्याचीच शक्यता जास्त. तेथे त्याची सरासरी प्रतीक्षा ५५ मिनिटे होईल आणि लहान अंतरात सापडलेल्याची फक्त ५. दोहोंचा भार धरून हिशेब केला, तर सरासरी सुमारे ५१ मिनिटे येते. गाड्यांची संख्या तीच, डिझेल तेवढेच, चालक-वाहक तेच, पण प्रवाशाची प्रतीक्षा जवळजवळ पावणेदोनपट झाली. नियमितपणा ही फुकट मिळणारी सोय आहे, ती या अर्थाने.

शहरातल्या वाचकांना याचा दुसरा नमुना ठाऊक असेल: अर्धा तास काही नाही आणि मग एकाच क्रमांकाच्या दोन बसगाड्या पाठोपाठ येतात. यात चालकांचा खोडसाळपणा असतो असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात पहिली गाडी सिग्नलला थोडी अडकते, तेवढ्यात पुढच्या थांब्यावर माणसे वाढतात, त्यांना घ्यायला वेळ लागतो, गाडी आणखी मागे पडते. तिच्यामागच्या गाडीला मात्र थांबे रिकामे मिळतात, म्हणून ती वेगाने येते आणि पहिलीला गाठते. लहानसा उशीर आपोआप वाढत जातो. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर हे रोज घडते आणि यात्रेच्या दिवशी पोहरादेवीच्या रस्त्यावरही घडू शकते. उपायही यातूनच सुचतो: मागच्या गाडीला वाटेत मुद्दाम थोडे थांबवून ठेवणे. आतल्या प्रवाशांना ते अन्यायाचे वाटते, पण एकूण प्रतीक्षा त्यामुळे कमी होते.

रिकामी परतणारी गाडी

यात्रेच्या आदल्या दिवशी सगळी गर्दी पोहरादेवीकडे जाणारी असते. जादा गाडी भरून जाते आणि दुसरी खेप आणण्यासाठी रिकामी परतते. जाताना १०० टक्के आणि येताना शून्य, म्हणजे कितीही चांगली व्यवस्था केली तरी भारमान ५० टक्क्यांच्या वर जाणार नाही. (उभ्या प्रवाशांचा हिशेब वेगळा.) समोरून रिकामी गाडी येताना पाहून 'बघा, कशा मोकळ्या फिरवतात' असे म्हणणारा हे विसरतो, की ती रिकामी परतली नाही तर त्याच्या मागचे पन्नास जण दिग्रसच्या नाहीतर मानोऱ्याच्या थांब्यावरच राहतील. सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी शहराबाहेर धावणाऱ्या गाड्यांचेही असेच असते.

मुक्कामी गाडी बंद केली तर

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. संध्याकाळी तालुक्याहून निघून गावात मुक्काम करणारी आणि पहाटे परतणारी गाडी, म्हणजे मुक्कामी गाडी, ही ग्रामीण महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. तिचे संध्याकाळचे भारमान पुष्कळदा कमी असते. समजा, तिच्यात १२ प्रवासी असतात आणि सकाळच्या फेरीत ३०. हिशेब करणारा म्हणेल, संध्याकाळची फेरी बंद करा, १२ तिकिटांचे नुकसान होईल, पण डिझेल वाचेल.

पण ते १२ जण सकाळी गेलेल्या ३० पैकीच आहेत. परतीची खात्री नसेल, तर ते सकाळीही निघणार नाहीत. म्हणजे सकाळच्या फेरीत ३० ऐवजी १८ उरले आणि २४ तिकिटे गेली. आता सकाळची फेरीही 'कमी उत्पन्नाची' दिसू लागते आणि पुढच्या वर्षी तिच्यावर गदा येते. गाड्या कमी म्हणून प्रवासी कमी, प्रवासी कमी म्हणून गाड्या कमी, असे हे चक्र फिरत राहते.

त्या बारांमध्ये कोण असते? ज्याच्याकडे दुचाकी आहे तो नसतो. काळी-पिवळी जीप माणसे भरल्यावर निघते, त्यामुळे बाजाराच्या दिवशी ती वेळेवर असते, पण संध्याकाळी सातला चार प्रवाशांसाठी निघत नाही. उरतात ते तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाणाऱ्या मुली, दवाखान्यातून परतणारे म्हातारे, मजुरीहून येणाऱ्या बाया. तांड्यावरच्या मुलीची अकरावी-बारावी त्या एका फेरीवर अवलंबून असू शकते.

चक्र उलटेही फिरते. हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली हे नेमकेपणाने मांडले. प्रवासी वाढले म्हणून फेऱ्या वाढवल्या, की आधीच्या प्रत्येक प्रवाशाचीही प्रतीक्षा घटते. नवा प्रवासी जुन्यांच्या वाटची सोय कमी करत नाही, उलट वाढवतो. तिकिटाच्या पैशांत हा फायदा दिसत नाही, म्हणून काही भार सार्वजनिक निधीने उचलावा, असा त्याचा निष्कर्ष निघतो. खेड्यात माणसे वेळ पाहूनच थांब्यावर येतात हे खरे, पण तेथे प्रतीक्षा वेगळे रूप घेते: अकराच्या कामासाठी सात वाजता निघावे लागते.

कायद्यातली दोन कलमे

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. अशी महामंडळे ज्या १९५० च्या कायद्याखाली चालतात, त्यात महामंडळाने कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र सेवा द्यावी असे कर्तव्य सांगितले आहे आणि कारभार व्यावसायिक तत्त्वांवर चालवावा असेही म्हटले आहे. 'पुरेशी' आणि 'व्यावसायिक' या दोन शब्दांमधली ओढाताण म्हणजेच आजचा वाद.

'सवलतींनी एसटी बुडवली' असेही ऐकू येते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे. या सवलतींची भरपाई राज्य शासनाने महामंडळाला करायची असते, म्हणून खरा प्रश्न भरपाई वेळेवर मिळते का, हा आहे. शिवाय जेथे गाडीच जात नाही, तेथे निम्म्या तिकिटाचा उपयोग शून्य. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्यांमागचा विचार वेगळा होता: मुलींना शाळेपर्यंत नेणारी फेरीच उपलब्ध करून देणे.

याचा अर्थ प्रत्येक तांड्यावर तासाला गाडी हवी असा नाही. पैसा, गाड्या आणि चालक मोजकेच असतात. काही ठिकाणी लहान गाडी पुरेल, काही ठिकाणी वेळ अर्ध्या तासाने बदलून शाळेच्या घंटेशी जुळवली तरी पुरेल. पोहरादेवीला दिग्रसकडून येणारी गाडी यवतमाळ विभागाची आणि वाशिमकडून येणारी अकोला विभागाची असू शकते. त्यांच्या वेळा एकमेकींशी जुळवायला डिझेल लागत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

आठवी ते बारावीच्या मुलांना एक साधा उपक्रम देता येईल. दोन-दोन मुलांच्या गटांनी पाळीपाळीने गावच्या थांब्यावर बसून सकाळी सहा ते रात्री आठपर्यंत चार गोष्टी लिहाव्यात: गाडीची वेळ, दिशा, आतले अंदाजे प्रवासी, आणि त्या वेळी थांब्यावर वाट पाहणाऱ्यांची संख्या. असे एक साधा दिवस, एक बाजाराचा दिवस आणि जमल्यास यात्रेचा एक दिवस करावे. मग गाडीमागची सरासरी, प्रवाशामागची सरासरी आणि सरासरी प्रतीक्षा, असे तीन आकडे काढावेत. शेवटी मुलांना विचारावे, की एक फेरी कमी करायचीच झाली तर कोणती करावी, आणि तिच्यामुळे दुसऱ्या कोणत्या फेरीचे प्रवासी घटतील?

असा तक्ता ग्रामसभेत मांडता येतो आणि आगार व्यवस्थापकाला दिलेल्या अर्जासोबत जोडताही येतो. 'गाडीला फार गर्दी असते' या वाक्यापेक्षा 'सकाळी साडेसातच्या गाडीत ७० आणि साडेनऊच्या गाडीत १० प्रवासी असतात, पहिली पंधरा मिनिटे आधी सोडावी आणि दुसरी आठला आणावी' या वाक्यावर काही करणे अधिकाऱ्यालाही सोपे जाते.